आधी सिंदी आवळायची

गाडीचं हेड गॅस्केट गेलं ते मिस्त्रीच्या इसरण्यानं गेलं, हे मी आधीच सांगून टाकते. लोकायनं मागून कुजबुज करण्यापरीस मीनंच सांगतलेलं बरं. रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं इसरले, अन् ओमप्रकाश भाऊजीचा कापूस भरून निघाले. सेलूच्या अलीकडे इंजिन तापलं, पांढरा धूर निघाला, अन् आमची गाडी सिंदीले परत आली ती ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधून. अख्खी वस्ती पाहाले उभी. मी दारात उभी राहून साऱ्यायकडे अशी पाह्यली का अर्धे लोकं आपोआप घरात गेले.

मिस्त्री म्हणजे माहा नवरा, कवडू. सारी सिंदी मिस्त्री म्हणते, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. ड्रायव्हर तेच, मालक तेच, अन् गाडीचे डॉक्टरही तेच. बोनटवाली जुनी ट्रक आमची. दुसरे लोकं तिले भंगार म्हणत, पण धम्मचक्राच्या दिवशी दीक्षाभूमीवर जायचं म्हणलं का त्याच भंगारात जागा धराले पहाटेपासून भांडत. जिनिंगच्या गठाणी, कोणाचा कापूस, कोणाच्या पोरीच्या लग्नाचं सामान, सारं तिनंच वाह्यलं.

हेड गॅस्केट म्हणजे काय ते मले मिस्त्रीनं लग्नाच्या नव्या नवलाईत समजावून सांगतलं होतं. दुसऱ्यायचे नवरे गजरे आणत, आमचा माणूस गॅस्केट घेऊन आला. म्हणाले, "हे पाह्य. इंजिनचं धड खाली असते, डोकं वरतं. दोघायच्या मधात हा पातळ पत्रा. पाणी पाण्याच्या वाटेनं, ऑइल ऑइलच्या वाटेनं, अन् आग आगीच्या जागी. हे जळालं का साऱ्यायची खिचडी. घरात बाई असते ना, तसं हे." मीनं म्हणलं, "मंग तिले जळू काऊन देता?" तर हसत बसले.

हे हसणारे मिस्त्री मागच्या उन्हाळ्यापासून जरा जरा हरवाले लागले होते. हातात पाना असे अन् पाना शोधत. जिनिंगवर जाऊन उभे राहत अन् कायले आलो ते त्यायलेच ठावं नसे. एकदा प्रफुल्लले, आमच्या पोराले, त्यायनं आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. आम्ही म्हणलं, वय झालं. वय झालं म्हणलं का पुढचा विचार करावा लागत नाई.

गाडी ओढून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रफुल्लनं त्यायले वर्ध्याले डॉक्टरकडे नेलं. मी संग होतीच. डॉक्टरनं इचारलं, आज वार कोणता. मिस्त्री माह्याकडे पाहून हसले. डॉक्टरनं तीन शब्द सांगतले, आंबा, कुलूप अन् छत्री, जराशानं परत इचारले. मिस्त्री परत माह्याकडे पाहून हसले. जो माणूस दुरून गाडीचा आवाज ऐकून कोणता नोझल खराब आहे ते सांगे, तो माणूस एका आंब्यासाठी माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. मले इतका राग आला का मी डॉक्टरले म्हणलं, "त्यायले छत्री कायले इचारता, गिअर इचारा ना."

डॉक्टर माणूस बरा होता, चिडला नाई. त्यायले बाहेर बसवून मले अन् प्रफुल्लले म्हणे, हा आजार मागं जात नाई, हळूहळू वाढतच जाते. गाडी चालवू देऊ नका. काही दिवसांनी सवयीची कामंही हातून सुटतील.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसली. प्रफुल्ल काही बोलाले गेला तं मीनं म्हणलं, "गप राह्य." चार प्रश्न इचारले अन् माणूस मोडीत काढला. असं कुठी असते काय? अन् तथीच, त्या बसमध्ये, मीनं मनात एक पक्कं केलं. मिस्त्रीनं ही गाडी आपल्या हातानं सुधरवली, तं डॉक्टर खोटा. नाई सुधरली तं डॉक्टर खरा. देवाले नवस बोलणारे आम्ही नाई, पण हे नवसासारखंच झालं. त्या गॅस्केटवर मीनं माहा सारा माणूस लावला.

घरी आल्यावर प्रफुल्ल म्हणे, "आई, गाडी इकून टाकू. नाई तं एखादा मेकॅनिक बोलावतो." तो बुटीबोरीले कंपनीत आहे, रोज रेल्वेनं जाणं-येणं. त्याले गाडीचा लळा कधी लागलाच नाई.

"मेकॅनिक घरात आहे," मीनं म्हणलं.

"आई, डॉक्टर काय म्हणला ते तू ऐकलं ना?"

"ऐकलं. चालवू नका म्हणला. सुधरवू नका म्हणला काय?"

मिस्त्री बाहेर बोनट उघडून उभेच होते. ऑइलची काडी काढून त्यायनं मले दाखवली. ऑइल पांढुरकं, ताकासारखं झालतं. म्हणाले, "पाणी घुसलं कांता. हेड खोलावं लागते." त्यायचा आवाज इतका जुन्यासारखा होता का मले रडू येत होतं. मीनं म्हणलं, "मंग खोला ना. पाहून काय राह्यले?"

दारापुढच्या कडूनिंबाखाली काम सुरू झालं. थंडीचे दिवस होते. ओमप्रकाश भाऊजीनं कुठून तरी वजन उचलाची चैनकप्पी आणून फांदीले टांगून देली. त्यायचं शेत रस्त्यापलीकडे, मिस्त्रीचे लहानपणापासूनचे दोस्त. सकाळी येत, कापसाच्या भावाले शिव्या देत, अन् जड काम असलं का हात लावून जात. त्यायचा कापूस अर्धा घरातच पडला होता तरी एका शब्दानं बोलले नाई.

मी पोतं टाकून बाजूले बसे. तांदूळ निवडाले घेऊन बसे, पण नजर सारी मिस्त्रीच्या हातावर. अन् काय सांगू, हात काहीच इसरले नव्हते. पाइप सोडले, नळ्या सोडल्या, वरचं झाकण काढलं. पुश रॉड काढले तं खोक्याच्या पुठ्ठ्याले भोकं पाडून ज्याच्या त्याच्या जागी खोचले. मीनं मनात डॉक्टरले म्हणलं, ये आता अन् पाह्य.

वाईट काही झालं नाई असं नाई. झालं. एका सकाळी बाहेर आले अन् खोललेलं इंजिन पाहून म्हणाले, "हे कोणं खोललं?" मीनं म्हणलं, "तुम्हीच ना, दुसरा कोण हात लावते तुमच्या गाडीले." "हाव, हाव" म्हणत कामाले लागले. एकदा डब्यातला नट हातात घेऊन भल्ला वेळ बसले. पण मी असं काही दिसलं का तांदळात मान घालत होती. खडा दिसला तं काढावा लागते, न पाह्यलेला बरा. बुडत्याले काडीचा आधार म्हणतात ना, माह्याजवळ तं अख्खी ट्रक होती.

हेड निघालं. भाऊजीनं ते वर्ध्याले नेऊन लेथवर घासून आणलं, आरशासारखं सपाट. मिस्त्रीनं खालचा भाग पत्तीनं खरडून, रॉकेलनं धुऊन, फडक्यानं पुसून काढला. नवं गॅस्केट हातात घेतलं, उलटं पाह्यलं, सुलटं पाह्यलं, अन् बरोबर बाजू वर करून ठेवलं. ते उलटं बसवणारे मिस्त्री या सिंदीत लय झाले. आमच्या मिस्त्रीनं बरोबर ठेवलं. मी त्या दिवशी वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्तच घातलं.

मंग आला रविवार. प्रफुल्ल घरी होता. हेड चैनकप्पीनं हळूहळू खाली उतरवलं, बोल्ट सारे हातानं बसवले. आता आवळायचं काम. पान्याले लांब पाइप लावून मिस्त्री इंजिनवर वाकले. अन् तसेच राह्यले.

मले आधी वाटलं दम घेऊन राह्यले. पण पाना ते या बोल्टवर ठेवत, उचलत, त्या बोल्टवर ठेवत, उचलत. भाऊजीनं माह्याकडे पाह्यलं. प्रफुल्ल पायरीवरून उठून उभा झाला. मिस्त्रीच्या कपाळाले थंडीत घाम आलता.

हेडचे बोल्ट कसेही आवळून चालत नाई, त्याले क्रम असते, इतकं मले ठावं होतं. अन् मिस्त्रीची आपली एक रीत होती. बोल्टच्या दोन रांगा, एकीले ते अप म्हणत, दुसरीले डाऊन. अन् रांगेतल्या बोल्टाले आमच्या लाईनच्या स्टेशनांची नावं. आमची सिंदी रेल्वेचीच, पोरं पाळण्यात गाड्यायचे भोंगे ऐकतात. मिस्त्री आवळता आवळता म्हणत, बोरखेडी अप झाली, बोरखेडी डाऊन झाली. हाताखाली काम करणारे पोट्टे हसत, पण त्यायलेही तसंच पाठ होई. मी आतून भाकरी थापता थापता ती नावं इतक्या वर्षांपासून ऐकत होती. मले तं ती गाडीची स्टेशनंच वाटत.

त्यायले तसं उभं मले पाहावलं नाई. मी पोत्यावरून उठून जवळ गेली अन् हळूच म्हणलं, "स्टेशनं म्हणा ना. नागपूर..."

मिस्त्रीनं माह्याकडे पाह्यलं. चेहरा असा उजळला का काय सांगू. "नागपूर," म्हणाले, अन् पाना टोकाच्या बोल्टवर ठेवला. "नागपूर अप. नागपूर डाऊन. अजनी अप, अजनी डाऊन." अन् मंग थांबलेच नाई. खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरुड, सेवाग्राम, वर्धा. एकही स्टेशन सुटलं नाई. ज्याले तीन शब्द सांगता आले नाई, त्यानं सारी लाईन म्हणून दाखवली. पाइप दाबताना दंडाची शीर फुगत होती, अन् मी तथी उभ्या उभ्या रडून राह्यली होती, भाऊजीसमोर, पोरासमोर, पदर तोंडाले लावून. डॉक्टर हरला, असंच मले वाटलं. मीच जिंकली.

"काऊन रडतं?" मिस्त्री म्हणाले.

"डोळ्यात धुरळा गेला."

"थंडीत कुठला धुरळा," म्हणाले अन् दुसऱ्या फेरीले लागले. परत नागपूरपासून वर्ध्यापर्यंत, परत सारं बरोबर.

दुपारून सारं जोडून झालं. नवं ऑइल टाकलं, पाणी मीनं आपल्या हातानं टाकलं, डिझेलची हवा काढली. प्रफुल्ल केबिनमध्ये चढला. "आई, मारू का?" म्हणे. त्याच्याही आवाजात काहीतरी होतं, म्हणजे त्यालेही हवंच होतं ते. गाडी दोनदा खोकली अन् सुरू झाली.

अख्खी वस्ती आवाजावर बाहेर आली. मिस्त्री एका हातानं बोनट धरून, मान वाकडी करून आवाज ऐकत उभे राह्यले, जसे नेहमी राहत तसेच. प्रफुल्ल खाली उतरून म्हणे, "बाबा, जमलं." मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् त्याले प्रफुल्लच म्हणलं, भावाचं नाव नाई घेतलं. मी आत पळत जाऊन चहा मांडला, साऱ्या वस्तीले पुरंल इतका. साखर घालताना मी मोठ्यानं बोलून राह्यली होती एकटीच, काय बोलली ते आता आठवत नाई.

चहा घेऊन बाहेर आली तं सारे इंजिनवर वाकून पाहून राह्यले होते.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. अन् हेडच्या खालून, बाजूनं, पाण्याची एक बारीक धार ऑइलमाखल्या इंजिनवरून उतरत होती. प्रफुल्लनं गाडी बंद केली. मिस्त्री वाकले अन् जथून पाणी येत होतं तथी त्यायनं बोट लावलं. टोकाले नाई, बरोबर मधात.

"सिंदीतून येऊन राह्यलं," म्हणाले.

मिस्त्री बोट तसंच लावून उभे होते. मंग त्यायनं मान वर केली, अन् त्यायचे डोळे इतके साफ होते, मागच्या वर्षभरात इतके साफ डोळे मीनं पाह्यले नव्हते.

"कांता, मीनं सुरुवात कुठून केली?"

मीनं हातातला चहा खाली ठेवला.

"खरं सांग. कुठून केली?"

"नागपुरावून," मीनं म्हणलं.

भाऊजीनं तोंड दुसरीकडे केलं. त्यायले आठवलं असन, मले तवाच आठवलं. कितीक पोट्ट्यायले मिस्त्री शिकवत, "आधी सिंदी आवळायची. आपलं गाव आधी, मंग एक स्टेशन नागपूरकडे, एक वर्ध्याकडे, असं दोन्हीकडे जात जात शेवटी टोकं. एका टोकावून निघालं का हेड मधात फुगते, अन् फुगलेलं हेड बसत नाई." म्हणून तं स्टेशनं होती. सिंदी मधात येते म्हणून. मीनं वर्षानुवर्षं फक्त नावं ऐकली, अन् सुरुवात ऐकलीच नाई.

"मीनं सांगतलं तुम्हाले नागपूर," मी म्हणली. "माह्यानं चुकलं. तुम्ही नाई चुकले. मीच नागपूर म्हणली. भाऊजी, तुम्ही ऐकलं ना? मीच म्हणली." मी ओरडून राह्यली होती. मले आता ते पाहिजेच होतं, ती चूक माहीच पाहिजे होती. चूक माही असली तं डॉक्टर अजूनही खोटा होता.

"चूप, कांता," मिस्त्री म्हणाले. रागानं नाई म्हणाले. "तू नागपूर म्हणली अन् मी नागपूर आवळलं. तू भुसावळ म्हणली असती तं भुसावळ शोधत बसलो असतो. माह्या डोक्शात काहीच नव्हतं. तेच तं आहे."

प्रफुल्ल म्हणे, "बाबा, दुसरं गॅस्केट आणू ना. परत करू. ओमप्रकाश काका मदत करतील." हे पोट्टं, ज्यानं गाडी इकाले काढली होती, ते असं म्हणे. मिस्त्री त्याच्याकडे पाहून हसले. मंग रॉकेलनं हात धुवाले बसले, नखं न् नखं साफ करत, काम संपलं का धूत तसे.

लोकं गेले. चहा तसाच पडला होता. मी त्यायच्या बाजूले दगडावर जाऊन बसली.

"आता मले सारं समजून राह्यलं," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर काय म्हणला असन तेही समजून राह्यलं. उद्या समजंल का नाई, सांगता येत नाई. समजते तोवर एक काम करून घेऊ. गाडी देऊन टाक."

"काही नाई देत."

"देऊन टाक. मी हिच्यात बसलो अन् ब्रेक कोणता ते इसरलो तं? मागं वस्तीचे लोकं असले तं?"

मीनं पदरानं त्यायचे ओले हात पुसले.

"अन् अजून एक," म्हणाले. "मी मंग इचारन, गाडी कुठी गेली म्हणून. तवा मले खरं सांगजो. का तुम्हीच म्हणलं होतं देऊन टाक, म्हणून. हे बाकीचे सारे मले लेकराले सांगतात तसं गोडगोड सांगतील. तू नको सांगजो. तू जर मले फसवलं ना, तं मंग माह्याजवळ धराले काहीच नाई."

"नाई फसवणार," मीनं म्हणलं.

"कबूल?"

"कबूल."

भंगारवाला आला तवाही मिस्त्री ठीक होते. हुक कुठी लावायचा ते त्यायनं स्वतः दाखवलं. साखळी पत्र्याले घासू नका म्हणून त्या पोट्ट्यायले रागावले. गाडी वळणावून दिसेनाशी झाली तवा म्हणाले, "चाल, जेवून घेऊ." अन् पोटभर जेवले. मले एक घास गेला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत बाहेर आले. कडूनिंबाखाली ऑइलचा काळा डाग होता, बाकी मोकळं. मिस्त्री तथीच उभे राह्यले.

"कांता, गाडी कुठी गेली?"

मीनं कबूल केल्यापरमाणं सांगतलं. तुम्हीच म्हणलं, तुमच्याच समोर नेली, हुक तुम्हीच दाखवला. मिस्त्री ऐकत होते अन् त्यायचं तोंड उतरत होतं. "मी?" म्हणाले. "मी काऊन म्हणन? माहे हात चालतात अजून." दिवसभर जेवले नाई. संध्याकाळी त्यायनं मान हलवली, झालं ते झालं म्हणाले. मले वाटलं, निपटलं. एकदाच सहन कराचं होतं, केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत बाहेर आले. परत कडूनिंबाखाली उभे. परत इचारलं. मीनं परत सांगतलं, अन् परत तेच तोंड, तसंच उतरलेलं, जसं पहिल्यांदाच ऐकून राह्यले. तवा माह्या ध्यानात आलं, का हे निपटणारं नाई. आमची गाडी एकदा गेली, त्यायची रोज सकाळी जाऊन राह्यली होती, अन् रोज मीच नेत होती.

प्रफुल्ल म्हणे, "आई, काहीतरी सांगून टाक ना. कामावर गेली म्हण. काय बिघडते?"

"मी कबूल केलं आहे."

"त्यायले आठवते काय ते?"

"मले आठवते ना," मी त्याच्यावर खेकसली. "साऱ्यायनंच इसरायचं काय?"

पण त्याचंच बरोबर होतं, हे मले तवाही ठावं होतं. मी अडून बसली ती कबुलीसाठी नाई. मले वाटे, एखाद्या सकाळी मी सांगन अन् ते म्हणतील, हाव, मीनंच म्हणलं होतं. एवढ्यासाठी मी त्यायले रोज सकाळी मारत होती.

मंग एक सकाळ आली. मीनं सांगून झाल्यावर मिस्त्री रागावले नाई, भांडले नाई. डागाजवळ उकिडवे बसले अन् माह्याकडे न पाहता इचारलं, "कांता, माह्या हातून काही मोठं चुकलं काय? कोणी मेलं काय? म्हणून नेली काय गाडी?" अन् तोंडावर हात घेऊन रडाले लागले. त्या माणसाले मीनं त्याच्या मायच्या मयतीतही रडताना पाह्यलं नव्हतं. मी बाजूले बसून त्यायची पाठ चोळत राह्यली. कोणी नाई मेलं, म्हणत राह्यली.

दुसऱ्या सकाळी मी त्यायच्या आधी बाहेर आली. कडूनिंबाखाली झाडलं, डागावर माती टाकली. मिस्त्री दात घासत आले, जागेवर उभे राह्यले, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं.

"कांता, गाडी कुठी गेली?"

"प्रफुल्लनं नेली," मीनं म्हणलं. "ओमप्रकाश भाऊजीचा कापूस आहे ना. सेलूले गेला घेऊन. संध्याकाळी येते."

मिस्त्रीनं मोठा श्वास सोडला. तोंडावरचं सारं ओझं उतरलं. पायरीवर बसले, पाय पसरले, उन्हाकडे पाह्यलं.

"मी घाबरलो होतो," म्हणाले. "आजकाल हे लोकं मले काहीबाही सांगतात. कोणाचा भरोसा नाई राह्यला. तुले इचारलं का बरं वाटते. तू खोटं नाई बोलत."

"नाई बोलत," मीनं म्हणलं, अन् चहा मांडाले आत गेली.